डेस्कटॉप संगणकातील मदरबोर्ड व प्रोसेसर-बदलाचा इतिहास : तालुक्याच्या गावाच्या संदर्भात एक विवेचन (विशेष संदर्भ : अकोले)

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास आजवर प्रामुख्याने शोधांचा आणि खरेदीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणते यंत्र कोणत्या वर्षी निर्माण झाले, ते कोणत्या संस्थेने प्रथम बसविले, त्याचा वेग किती होता, या प्रश्नांभोवती हे लेखन फिरते. भारतापुरते पाहिल्यास १९५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झालेले एचईसी-२एम हे यंत्र, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक आणि पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये सिद्ध केलेला परम ८००० हे टप्पे सर्वपरिचित आहेत. या टप्प्यांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु तालुक्याच्या गावातील महाविद्यालय, पतसंस्था, दूध संस्था, टंकलेखनाचे दुकान किंवा प्रशिक्षण केंद्र येथे संगणक कसा टिकला, हे या टप्प्यांवरून कळत नाही.

अशा ठिकाणी एकदा विकत घेतलेला संगणक पुढील दहा-पंधरा वर्षांत अनेकदा उघडला जातो. त्याचा मदरबोर्ड जळतो किंवा जुना होतो. त्याजागी नवा बोर्ड व नवा प्रोसेसर बसतो. बाहेरचे कॅबिनेट, त्यावर रंगाने लिहिलेला क्रमांक आणि नोंदवहीतील नोंद मात्र तीच राहते. म्हणजेच कागदावर एक यंत्र आणि प्रत्यक्षात एकामागून एक अशी दोन-तीन यंत्रे, अशी स्थिती निर्माण होते. इतिहासाच्या अभ्यासकासाठी हा साधनांचा प्रश्न आहे आणि महाविद्यालयासाठी तो व्यवहाराचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, मदरबोर्ड व प्रोसेसर बदलता येणे ही गोष्ट इतिहासक्रमात कशी शक्य झाली, हे पाहणे. दुसरे, अकोल्यासारख्या तालुक्याच्या गावात या बदलाला कोणत्या परिस्थितीने आकार दिला, याची चर्चा करणे. तिसरे, या बदलाची नोंद न राहिल्याने काय गमावले जाते, हे स्पष्ट करणे. लेखनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. सुट्या भागांचे यंत्र : १९८१ ते १९९५

संगणकाचा मुख्य बोर्ड बदलता येतो ही बाब आज स्वाभाविक वाटते, परंतु ती मुळात एका व्यापारी निर्णयाचा परिणाम आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यात इंटेलचा ८०८८ हा ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर होता आणि मुख्य बोर्डावर जादा कार्डे बसविण्यासाठी पाच खाचा होत्या. हे यंत्र लवकर बाजारात आणण्यासाठी कंपनीने बहुतेक भाग बाहेरून घेतले आणि त्याची तांत्रिक माहिती, परिपथांच्या आकृत्यांसह, पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. प्रसिद्ध माहितीवरून इतरांना त्यासाठी कार्डे बनविता यावीत, हा त्यामागील हेतू होता.

या मोकळेपणाला एकच कुलूप होते. बोर्डावरील चिपमध्ये असलेली बायोस ही मूलभूत आज्ञावली स्वामित्वहक्काने संरक्षित होती. १९८२ मध्ये कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी मूळ आज्ञावली न पाहता, केवळ तिचे कार्य समजून घेऊन, तशीच वागणारी स्वतंत्र आज्ञावली लिहिली. यानंतर आयबीएमशी सुसंगत असे बोर्ड कोणीही बनवू शकत होते. लवकरच तैवानमधील कारखान्यांतून असे बोर्ड सुटे विकले जाऊ लागले आणि ‘संगणक’ ही एका कंपनीची वस्तू न राहता अनेक कंपन्यांच्या भागांची जोडणी बनली.

१९८४ मध्ये आलेल्या एटी या प्रारूपाच्या बोर्डाचे माप व स्क्रूची छिद्रे पुढे सर्वत्र प्रचलित झाली. त्यामुळे २८६ प्रोसेसरचा बोर्ड काढून त्याच कॅबिनेटमध्ये ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरचा बोर्ड बसविणे शक्य झाले. या काळातील एक तपशील जुन्या तंत्रज्ञांना चांगला ठाऊक आहे. वीजपुरवठ्याच्या पेटीतून, म्हणजे एसएमपीएसमधून, बोर्डाकडे सारख्याच दिसणाऱ्या दोन जोडण्या येत. त्यांची अदलाबदल झाली तर बोर्ड जळत असे. म्हणून दोन्ही जोडण्यांतील काळ्या तारा मध्यभागी एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत, हा नियम प्रत्येक शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी सांगितला जाई.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे नवे प्रमाण जाहीर केले. त्यात वीजपुरवठ्याची जोडणी एकच आणि उलटी बसू न शकणारी केली गेली. कळफलक, माउस, प्रिंटर यांच्या जोडण्या बोर्डाच्या मागील कडेला एकत्र आणल्या गेल्या. पूर्ण आकाराच्या बोर्डाचे माप ३०५ × २४४ मिलिमीटर ठरले आणि १९९७ मध्ये त्याचे २४४ मिलिमीटर चौरसाचे लहान रूप, मायक्रो-एटीएक्स, आले. दोन्हींची स्क्रूची छिद्रे बऱ्याच अंशी समान ठेवण्यात आली. आजही बाजारात मिळणारा नवा बोर्ड पंचवीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्ये बसू शकतो, याचे कारण हे प्रमाण होय. प्रोसेसरची पिढी बदलत राहिली, पण लोखंडी डब्याची चौकट स्थिर राहिली. तालुक्याच्या गावातील संगणकाच्या दीर्घायुष्याचा तांत्रिक पाया हाच आहे.

२. भारतातील धोरण आणि जोडणीचा बाजार

जागतिक पातळीवरील हा मोकळेपणा भारतात पोहोचण्यास धोरणात्मक बदलांची गरज होती. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने जाहीर केलेल्या संगणक धोरणाने संगणक व त्यांच्या भागांच्या आयातीवरील निर्बंध सैल केले. १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने ही वाट रुंदावली. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सहभागी झाला आणि २००५ पर्यंत संगणकाच्या बहुतेक भागांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले.

या प्रक्रियेतून महाराष्ट्रात सुट्या भागांच्या ठोक बाजारपेठा वाढल्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही नावे या व्यवसायातील प्रत्येकाच्या तोंडी असत. येथून बोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क सुटे आणून गावात जोडलेल्या संगणकाला ‘असेंबल्ड’ म्हणत. कंपनीच्या नावाच्या संगणकापेक्षा तो स्वस्त पडे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचा प्रत्येक भाग स्थानिक माणसाच्या हाताखालून गेलेला असल्याने तो बिघडल्यास गावातच उघडता येई.

मागणीच्या बाजूने एक घटना निर्णायक ठरली. २००१ मध्ये राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड, म्हणजेच एमकेसीएल, या संस्थेची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याची केंद्रे जिल्ह्याच्या ठिकाणापुरती न राहता तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांपर्यंत पोहोचली. प्रत्येक केंद्राला एकाच वेळी अनेक संगणक हवे होते आणि ते दिवसभर चालवायचे होते. दुरुस्तीचा व्यवसाय गावोगावी स्थिरावण्यास ही केंद्रे मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली, असे म्हणता येईल.

३. अकोले : परिस्थिती आणि पुरवठ्याचा मार्ग

अकोले हे प्रवरा नदीच्या काठावरील तालुक्याचे गाव. पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात हा तालुका आहे. तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग असून १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर याच भागात आहे. भंडारदरा येथील १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने प्रवरेच्या खोऱ्यात ऊस आणला. मात्र धरणाच्या वरच्या अंगाची महादेव कोळी व ठाकर समाजाची गावे भात-नागलीच्या शेतीवर राहिली. या गावांतून महाविद्यालयात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळेतील संगणक हाच हाताळायला मिळणारा पहिला संगणक असे. त्यामुळे प्रयोगशाळेतील एखादे यंत्र बंद पडणे ही येथे केवळ गैरसोय नसते. विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारा वेळ त्यामुळे प्रत्यक्षात कमी होतो.

या भूगोलाचा यंत्राच्या आयुष्याशीही संबंध आहे. घाटघर, रतनवाडी हा परिसर अतिवृष्टीसाठी प्रसिद्ध आहे. पश्चिमेकडील गावांत पावसाळ्याचे चार महिने हवा दमट राहते आणि दमटपणाने बोर्डावरील धातूचे संपर्कबिंदू काळे पडतात. पूर्वेकडे पाऊस कमी; तेथे उन्हाळ्यातील धूळ प्रोसेसरच्या पंख्यात साचते. दोन्ही भागांत विजेचा दाब कमी-जास्त होण्याची अडचण समान. २००५ नंतरची काही वर्षे राज्याच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन अनुभवले. वीज जाताना नव्हे, तर परत येताना येणारा धक्का एसएमपीएसला आणि त्यामागून बोर्डाला बाधतो. म्हणून अशा गावात मदरबोर्ड बदलण्याचे पहिले कारण वेगाची हौस हे नसून ‘बोर्ड गेला’ हे असते.

पुरवठ्याचा मार्ग ठरलेला होता. पुणे-नाशिक महामार्गावरील संगमनेर हे अकोल्याला जवळचे मोठे बाजाराचे गाव. पुण्याहून किंवा नाशिकहून निघालेला माल संगमनेरमार्गे अकोल्यास येणे हे भूगोलानेच ठरविलेले आहे. याचा अर्थ असा, की गावातील तंत्रज्ञाला हवा तो बोर्ड कपाटातून काढून देता येत नाही. ठोक बाजारात त्या दिवशी जे उपलब्ध असेल त्यात जुने भाग सामावून घ्यावे लागतात. निवडीची ही मर्यादा लक्षात घेतल्याशिवाय ग्रामीण भागातील संगणकाची अंतर्गत रचना समजत नाही.

४. बदलाची प्रक्रिया आणि तिच्यामागील ज्ञान

बोर्ड व प्रोसेसर बदलणे म्हणजे दोन वस्तू काढून दोन वस्तू बसविणे, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः ही निर्णयांची एक साखळी आहे. नमुन्यादाखल २००२ मधील एक संगणक विचारात घेता येईल. त्यात पेंटियम ४ प्रोसेसर, ४७८ पिनांचे सॉकेट, डीडीआर प्रकारची रॅम, एजीपी खाचेतील चित्रकार्ड, रुंद पट्टीच्या केबलने जोडलेली आयडीई हार्ड डिस्क आणि वीस पिनांची वीजजोडणी आहे. २०१० मध्ये त्याचा बोर्ड निकामी झाला. तोवर ४७८ सॉकेटचे नवे बोर्ड बाजारातून नाहीसे झालेले आहेत. सहज मिळतो तो ७७५ सॉकेटचा, जी-३१ किंवा जी-४१ चिपसेटचा बोर्ड.

हा बोर्ड घेतला की जुना प्रोसेसर बसत नाही. रॅम डीडीआर-२ किंवा डीडीआर-३ लागते. तिच्या मधल्या खाचेची जागा वेगळी असल्याने जुनी रॅम त्यात जातच नाही. एजीपी खाच नाहीशी झालेली असते, पण चित्राची सोय बोर्डावरच असते. नव्या बोर्डावर आयडीईची एखादी जोडणी शिल्लक असेल तर जुनी हार्ड डिस्क चालते, अन्यथा साटा प्रकारची घ्यावी लागते. एसएमपीएसला चोवीस पिनांची आणि प्रोसेसरसाठी वेगळी चार पिनांची जोडणी हवी. म्हणजे एका भागाच्या बिघाडाने चार भागांचा प्रश्न उभा राहतो आणि प्रत्येक ठिकाणी ‘जुने चालवावे की नवे घ्यावे’ याचा हिशेब मांडावा लागतो. शेवटी जुन्यापैकी कॅबिनेट, मॉनिटर, कळफलक आणि कदाचित हार्ड डिस्क एवढेच उरते.

प्रत्यक्ष कामातही बारकावे आहेत. वीज काढल्यावर लोखंडी सांगाड्याला हात लावून अंगावरील स्थिर विद्युतभार घालवावा लागतो. बोर्डाखालील पितळी आधार नव्या बोर्डाच्या छिद्रांप्रमाणे हलवावे लागतात. एखादा आधार चुकीच्या जागी राहिला तर बोर्डाच्या पाठीला टेकून लघुपरिपथ होतो. चालू-बंद कळीच्या बारीक तारा कोणत्या पिनांवर जातात, हे प्रत्येक बोर्डाच्या पुस्तिकेत वेगळे असते. प्रोसेसर व उष्णताशोषक यांमध्ये उष्णतावाहक पेस्टचा पातळ थर द्यावा लागतो. २००४ मध्ये आलेल्या ७७५ सॉकेटपासून इंटेलने पिना प्रोसेसरवरून काढून बोर्डावर नेल्या. त्यामुळे प्रोसेसर बसविताना हात थोडा सरकला तरी आता नुकसान प्रोसेसरचे न होता बोर्डाचे होऊ लागले. सारे जुळल्यावर एक लहानसा ‘बीप’ आवाज येतो आणि पडद्यावर अक्षरे उमटतात. काही घडले नाही, तर तंत्रज्ञ एकेक भाग काढून दोष शोधत जातो.

हे ज्ञान महाविद्यालयात शिकविले गेले नाही. त्याची परंपरा रेडिओ, दूरदर्शन संच आणि शेतावरील तेलइंजिन यांच्या दुरुस्तीशी जोडलेली आहे. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात स्थापन झाली. विहिरीवरील इंजिनाच्या रिंगा, नोझल बदलून, सिलिंडर बोअर करून तेच इंजिन वर्षानुवर्षे चालविणारे कारागीर गावोगावी तयार झाले. यंत्र संपूर्ण टाकून न देता त्याचा झिजलेला भाग बदलावा, ही दृष्टी संगणकाच्या आधीपासून येथे रुजलेली होती. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभरच्या अनेक मदरबोर्डांवरील कपॅसिटर सदोष निघाले व त्यांची डोकी फुगू लागली. दूरदर्शन संच दुरुस्त करणाऱ्या हाताला हा दोष परिचयाचा होता. डाखणीने तेवढाच भाग बदलून बोर्ड पुन्हा चालू करता येत असे. पुढे बोर्डावरील मुख्य चिपांची जोडणी त्यांच्या पोटाखाली गेली, तेव्हा साध्या डाखणीचे काम संपले आणि ‘बोर्ड दुरुस्त करणे’ याऐवजी ‘बोर्ड बदलणे’ हाच मार्ग उरला.

५. मराठी लिपी आणि बोर्डावरील खाच

मदरबोर्ड-बदलाचा संबंध केवळ वेगाशी नसून भाषेशीही होता, ही बाब विशेष नोंदविण्यासारखी आहे. भारतीय लिपी संगणकावर आणण्यासाठी कानपूरच्या आयआयटीमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झाले. त्याचे आरंभीचे रूप एक कार्ड होते. हे कार्ड बोर्डावरील आयएसए खाचेत बसविले की डॉस प्रणालीवरील इंग्रजी आज्ञावल्यांतही देवनागरी अक्षरे लिहिता व पाहता येत. भारतीय लिपींच्या सांकेतिकरणाचे इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले.

परंतु आयएसए ही खाच स्वतःच कालबाह्य होत होती. १९९९ च्या सुमारास आलेल्या चिपसेटांपासून तिला वगळण्यास सुरुवात झाली आणि त्यानंतर काही वर्षांतच ती नव्या बोर्डांवरून नाहीशी झाली. ज्या कार्यालयाचा मराठी व्यवहार कार्डावर अवलंबून होता, त्याला नवा बोर्ड घेणे म्हणजे लिपीचा मार्ग सोडणे होते. पुढे विंडोजवरील मराठी अक्षरजुळणीच्या आज्ञावल्यांना प्रिंटरच्या समांतर जोडणीत लावायचे कुलूप असे. तीही जोडणी नव्या बोर्डांवरून हळूहळू गेली. निमंत्रणपत्रिका, स्मरणिका, प्रश्नपत्रिका छापणाऱ्या दुकानांत एखादा जुना संगणक कोपऱ्यात जपून ठेवलेला दिसे, त्यामागे जुन्या वस्तूचा मोह नसून हे कारण असे. २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीचा आधार प्रणालीतच मिळू लागला आणि लिपी बोर्डापासून मुक्त झाली. मात्र आधीच्या मजकुराचे रूपांतर झाले नाही तेथे तो मजकूर जुन्या यंत्राबरोबरच गेला. स्थानिक इतिहासाच्या साधनांच्या दृष्टीने ही हानी लहान नाही.

६. सॉकेटचा बदल आणि बदलाची मर्यादा

कॅबिनेटची चौकट स्थिर राहिली, तरी प्रोसेसरचे सॉकेट स्थिर राहिले नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात ‘सॉकेट ७’ या एकाच प्रकारच्या बोर्डावर इंटेल, एएमडी आणि सिरिक्स या तीन कंपन्यांचे प्रोसेसर बसत. १९९७ च्या पेंटियम २ पासून इंटेलने वेगळी जोडणी स्वीकारली आणि ही समाईकता संपली. त्यानंतर २००० मध्ये ४२३, २००१ मध्ये ४७८, २००४ मध्ये ७७५, २००९ मध्ये ११५६, २०११ मध्ये ११५५, २०१३ मध्ये ११५० आणि २०१५ मध्ये ११५१ पिनांचे सॉकेट असा क्रम दिसतो. २०१७ मध्ये पिनांची संख्या तीच ठेवूनही नव्या प्रोसेसरला नवा बोर्ड आवश्यक करण्यात आला. याउलट एएमडीने २०१६ मध्ये आणलेले एएम-४ सॉकेट अनेक पिढ्यांना चालले.

या क्रमाचा परिणाम असा, की केवळ प्रोसेसर बदलून यंत्राचे आयुष्य वाढविण्याची शक्यता कमी होत गेली. प्रोसेसर म्हटला की बोर्ड, बोर्ड म्हटला की रॅम, असे तिन्ही एकत्र बदलणे क्रमप्राप्त झाले. यात तांत्रिक कारणे होती हे खरे; वीजपुरवठ्याची व स्मृतीची रचना बदलत होती. तथापि सुटे भाग बदलण्याच्या सोयीवर उभ्या राहिलेल्या बाजाराचा पाया त्यामुळे अरुंद झाला, हेही तितकेच खरे. जानेवारी २०१३ मध्ये इंटेलने स्वतःच्या नावाचे डेस्कटॉप मदरबोर्ड बनविणे थांबविण्याची घोषणा केली. तरीही एच-६१ सारख्या जुन्या चिपसेटचे बोर्ड इतर उत्पादकांच्या नावाने पुढेही दीर्घकाळ विकले गेले, कारण तशा प्रोसेसरांची संख्या गावोगावी मोठी होती.

अलीकडे या प्रश्नाने नवे वळण घेतले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा संपला. विंडोज ११ साठी बोर्डावर टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि इंटेलच्या बाबतीत साधारण २०१७ नंतरच्या आठव्या पिढीचा प्रोसेसर अपेक्षित आहे. त्यामुळे कोणताही बिघाड नसलेला, अध्यापनास पुरेसा वेग असलेला संगणकही अपात्र ठरतो. पूर्वी बोर्ड जळाला म्हणून बदलावा लागे. आता तो चालू असतानाच बदलावा लागतो. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेल्या बॉससारखी लिनक्स-आधारित प्रणाली वापरणे हा दुसरा मार्ग उपलब्ध आहे. त्यासाठी अध्यापकांची तयारी हवी.

७. यंत्राची ओळख : नोंदवही, परवाना आणि वापरकर्ता

बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलल्यावर तो संगणक जुना की नवा? हा प्रश्न वरवर तात्त्विक वाटतो. ‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला रथाच्या उदाहरणाने हेच विचारतो : रथ म्हणजे चाक, की आस, की दांडी? परंतु महाविद्यालयाच्या दैनंदिन कारभारात या प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरे दिली जातात आणि प्रत्येकाचे परिणाम वेगळे आहेत.

जडसंग्रह नोंदवहीच्या, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरच्या, दृष्टीने संगणक म्हणजे कॅबिनेट. क्रमांक त्यावर असतो. नवा बोर्ड हा ‘दुरुस्ती’च्या खर्चात जातो आणि संगणकाच्या नोंदीत काहीच बदल होत नाही. आज्ञावलीच्या परवान्याच्या दृष्टीने उत्तर उलट आहे. यंत्रासोबत मिळणाऱ्या विंडोजच्या परवान्यात मायक्रोसॉफ्टने मदरबोर्डलाच संगणकाची ओळख मानले आहे. बिघाडाशिवाय केवळ सुधारणेसाठी बोर्ड बदलल्यास तो नवा संगणक ठरतो. वापरकर्त्याच्या, मग तो लिपिक असो वा प्राध्यापक, दृष्टीने संगणक म्हणजे हार्ड डिस्क. कारण त्याचे काम तिच्यात असते. बोर्ड बदलून आल्यावर ‘माझ्या फायली आहेत ना?’ हाच त्याचा पहिला प्रश्न असतो.

या तीन उत्तरांतील विसंगतीची किंमत मोजावी लागते. नोंदवहीत २००२ असे खरेदीवर्ष असलेला, पण २०१४ मध्ये नवा बोर्ड बसविलेला संगणक निर्लेखनाच्या यादीत वयानुसार आधी येतो आणि भंगारात जातो. त्याच वेळी ज्याचे आतले भाग खरोखर संपले आहेत असे नंतरच्या खरेदीचे यंत्र यादीबाहेर राहते. मूल्यांकनासाठी विचारल्या जाणाऱ्या विद्यार्थी-संगणक गुणोत्तरातही चालू यंत्र आणि नावापुरते यंत्र यांतील फरक दिसत नाही. ई-कचऱ्याविषयीचे पहिले नियम २०११ मध्ये आले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ च्या नियमांत शैक्षणिक संस्थांचा मोठ्या ग्राहकांत समावेश होता. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी वस्तूचे नूतनीकरण करणाऱ्यांनाही स्वतंत्र स्थान दिले. कायद्याची दिशा वस्तूचे आयुष्य वाढविण्याकडे आहे. नोंदवही मात्र वस्तूच्या आत पाहत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाची अडचण आणखी वेगळी आहे. उद्या कोणी ग्रामीण महाविद्यालयातील संगणकीकरणाचा इतिहास जडसंग्रह नोंदवहीवरून लिहावयास घेतला, तर त्याला दोन-तीन मोठ्या खरेद्या आणि मधली रिकामी वर्षे दिसतील. त्या रिकाम्या दिसणाऱ्या वर्षांत कोणीतरी पावसाळ्यात काळे पडलेले संपर्क खोडरबराने घासले, संगमनेरहून बोर्ड आणला, जुनी हार्ड डिस्क नव्या बोर्डावर चालती केली आणि परीक्षेच्या आधी प्रयोगशाळा उभी केली. किरकोळ खर्चाच्या पावत्या एवढाच त्याचा पुरावा असतो आणि त्या पावत्या लेखापरीक्षणानंतर काही वर्षांत नष्ट केल्या जातात.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, तालुक्याच्या गावातील डेस्कटॉप संगणक ही एकदा घेतलेली वस्तू नसून सतत बदलत राहणारी जोडणी आहे. १९८१ मधील खुली रचना आणि १९९५ मधील एटीएक्स प्रमाण यांमुळे ती शक्य झाली. दुसरा, अकोल्यासारख्या ठिकाणी बोर्ड-बदलाची कारणे आणि निवड ही पाऊस, धूळ, वीज आणि पुरवठ्याचा मार्ग यांनी ठरविली. जाहिरातींतील वेगाच्या स्पर्धेने नव्हे. तिसरा, सॉकेटचे वारंवार बदल आणि प्रणालींच्या अटी यांमुळे बदलाची ही परंपरा क्रमशः संकुचित होत आहे. चौथा, या परंपरेचा वाहक असलेला स्थानिक तंत्रज्ञ लिखित साधनांत जवळजवळ अनुपस्थित आहे.

ज्ञान पुस्तकाबाहेरही असते, याची जाण अकोले तालुक्याला नवी नाही. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचे जे जतन केले, त्याची दखल २०२० मध्ये पद्मश्री सन्मानाने घेतली गेली. यंत्र जगविण्याचे ज्ञानही नोंदीस पात्र आहे. यासाठी मोठ्या प्रकल्पाची आवश्यकता नाही. जडसंग्रह नोंदवहीतील प्रत्येक संगणकाच्या नोंदीसमोर बोर्ड, प्रोसेसर व रॅम बदलल्याची तारीख, कारण आणि काम करणाऱ्याचे नाव एवढा एक रकाना वाढविला तरी पुरेसे आहे. निर्लेखनाचा निर्णय त्यामुळे कॅबिनेटच्या वयावर न होता आतील यंत्राच्या स्थितीवर होईल, चालू यंत्र भंगारात जाणार नाही आणि डोंगरभागातून येणाऱ्या विद्यार्थ्याला एक जागा अधिक मिळेल. पुढील काळातील अभ्यासकाला त्याच रकान्यातून या प्रदेशातील संगणकाचा खरा इतिहास वाचता येईल.